जावईबापूंच्या काचेत

काढायला डागच नव्हता. नेहमीप्रमाणे त्याने संगणकावर फोटो उघडला, नेहमीप्रमाणे चौपट मोठा केला, जावईबापूंच्या तोंडावरच्या सोनेरी काचेच्या डाव्या कडेला ब्रश नेला आणि फिरवायला सुरुवातही केली. चार-पाच हात फिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण स्वच्छ काच पुसतोय. त्याने बोट उचललं. रविवारचे साडेदहा वाजले होते, खिडकीतून टेबलावर चांगलं ऊन आलं होतं, फोटो तासाभरापूर्वीचाच होता आणि फोटोत काही चुकलेलं नव्हतं. कॉफीच्या चोथ्याची तांबूस काळी जमीन, मागे इस्त्रीच्या टेबलाची खालची बाजू म्हणजे यानाची भिंत, आणि मध्ये जावईबापू, वीतभर उंचीचा खेळण्यातला अंतराळवीर, एक पाय पुढे टाकून, आता काय करायचं ते न कळल्यासारखा. सगळं जिथल्या तिथे. फक्त काचेच्या डाव्या कडेला जो एक उभा काळपट डाग नेहमी यायचा, तो आला नव्हता. एखाद्या माणसाला काम वाचल्याचा आनंद झाला असता. याला मात्र शेवटची पायरी संपली हे न कळून माणूस जसा हवेत पाय टाकतो, तसं झालं, आणि ते का झालं हे त्याला सांगता आलं नसतं.

डाग काढणं हाच त्याचा धंदा होता. बाजारात ज्या वस्तू विकायच्या असतात त्यांचे फोटो त्याच्या कचेरीत यायचे आणि हा ते धुऊनपुसून द्यायचा. भांड्यांचे फोटो सगळ्यात वाईट. स्टीलची किटली कितीही काळजीने लावा, तिच्या पोटात फोटोवाला दिसायचाच, वाकलेला, फुगीर पोटाचा, तीन तंगड्यांच्या स्टँडमागे लपू बघणारा. हा त्याला तिथून पुसून काढायचा. दिवसाला पन्नास किटल्या म्हणजे पन्नास फोटोवाले. 'माझा अख्खा जन्म तुझ्या केराच्या डब्यात गेला रे,' असं फोटोवाला चहा पिताना म्हणायचा, आणि कचेरीतले सगळे हसायचे. याला तिथे खोडरबर म्हणत. त्याची नजर अशी तयार झाली होती की चमच्याच्या पाठीवरच्या तीळभर ठिपक्यावरून आज फोटोवाल्याने कोणता शर्ट घातलाय ते तो सांगायचा, आणि शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली मुद्दाम जाऊन खात्री करून यायची. कधी चुकला नव्हता. तेच आता त्याला आठवलं आणि आठवल्यावर बरं वाटेनासं झालं. कारण घरच्या या डागाकडे त्याने तीन वर्षांत एकदाही तसं बघितलं नव्हतं. तो रेनकोटचा डाग होता. बसायच्या जागेच्या मागे दार, दाराला खुंटी, खुंटीला रेनकोट. हे त्याने कधीतरी ठरवलं होतं आणि ठरवलेलं विसरूनही गेला होता. आता तो खुर्चीतल्या खुर्चीत वळला. दार होतं. खुंटीही होती. रेनकोट नव्हता. आणि मग सावकाश त्याला आठवलं की तो रेनकोट आपण बसमध्ये विसरलो, त्यावरून बोलणी खाल्ली, आणि त्याला चार वर्षं होऊन गेली.

खेळण्यांचं हे वेड त्याला कचेरीतूनच लागलं. एका खेळण्याच्या कंपनीचं काम आलं होतं. नमुने परत न्यायला कोणी आलंच नाही, तेव्हा मालक म्हणाले, 'फेकून द्या.' चेपलेल्या खोक्यातला अंतराळवीर आणि फोटो काढताना टेबलावरून पडून डावा हात मनगटापासून गेलेला एक सैनिक, असे दोघे त्याने पिशवीत घालून घरी आणले. का आणले ते त्यालाही धड सांगता आलं नव्हतं. बायकोने दोघांना ओट्यावर उभं करून नीट पाहिलं होतं. अंतराळवीर छाती काढून उभा, हात अवघडलेले, तोंड झाकलेलं, काही विचारलं तर बोलेल अशी आशा नाही. 'हे जावईबापू,' ती म्हणाली. 'आले, उभे राहिले, आता सगळ्यांनी यांचंच बघायचं.' सैनिकाच्या तुटक्या मनगटाकडे तिने जास्त वेळ पाहिलं होतं. मग जुन्या रुमालाचा कोपरा कापून त्याच्या डाव्या खांद्यावरून खाली सोडला, दोन टाके घातले, आणि तो एकदम कुठल्यातरी हरलेल्या लढाईतून परतलेला मानी माणूस दिसायला लागला. त्याचं नाव सुभेदार. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती, कवळ्या बनवायची. लोकांच्या हिरड्यांचे साचे तिच्याकडे यायचे आणि ती त्यावर एकेक दात बसवायची. उरलेलं काम घरी आणायची आणि मागच्या खोलीत, कपाळाला भिंग लावून, बारीक चाक फिरवत बसायची. 'मी माणसांची तोंडं दुरुस्त करते आणि हा बाहुल्यांची तोंडं रंगवतो,' असं बहिणीला फोनवर सांगून हसायची. पहिल्या वर्षी हसायची. नंतर हसायची का, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला तर त्याला फक्त तिचा आवाज आठवला, वाक्य नाही.

आणि खरं सांगायचं तर तो सुखात होता. कॅमेरा टेबलाच्या कडेवर, तांदूळ भरलेल्या मोज्यावर टेकवायचा, आपली हनुवटी टेबलाला लावायची, एक डोळा मिटायचा. मग सहा इंचांचा सुभेदार सहा फुटांचा व्हायचा. मैदा म्हणजे बर्फ, शिळ्या पावाचे तुकडे म्हणजे कडे, किटलीची वाफ म्हणजे धुकं, आणि इस्त्रीच्या पाण्याचा फवारा म्हणजे पाऊस. नियम एकच: ज्याच्यावरून खरं माप कळेल असं काही चौकटीत येऊ द्यायचं नाही. एखादी मुंगी आली की संपलं. काडेपेटीची काडी आली की संपलं. माणूस तर लांबच. जावईबापूंच्या फोटोत तेवढी एक पंचाईत होती, ती काच. तिच्यात समोरचं सगळं उतरायचं. म्हणून तो काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं नाक बाहेर काढायचा आणि स्वतः पुठ्ठ्यामागे बसायचा. काचेत पुठ्ठ्याचा काळोख यायचा, तो अवकाशासारखा दिसायचा, तो चालायचा. खिडकीची तिरीप यायची, तीही चालायची. पुठ्ठ्याच्या कडेने मागचं दार दिसायचं तेवढं पुसावं लागायचं. दार आणि दारातला तो उभा डाग. लहानपणी वाळूच्या ढिगाऱ्यात त्याला एक रबरी शिपाई सापडला होता आणि दुपारभर तो फरशीला गाल लावून त्याच्याकडे बघत पडायचा. फरशी गार असायची. शिपायाच्या मागे, लांब, धूसर, वडलांचे पाय येऊन उभे राहायचे. वडील काही म्हणायचे नाहीत. हा वर बघायचा नाही. पाय आहेत हे माहीत असायचं, ते बघतायत हेही माहीत असायचं, आणि आपण हललो नाही तर ते निघून जातील हेही. मग ते निघून जायचे. आज इतक्या वर्षांनी त्याला प्रश्न पडला की वडील तिथे काय बघायला येत असतील, आणि मानेला मागून कोणी बघतंय हे कळतं की नाही कळत.

मूळ फोटो त्याने कधी फेकले नव्हते. तेवढी धंद्याची शिस्त होती. पुसलेला वेगळा, न पुसलेला वेगळा. त्याने जावईबापूंचे सगळे न पुसलेले काढले. एकसष्ट होते. पहिला उघडून काच मोठी केली. पुठ्ठा, खिडकी, दार, दारात काही नाही. दुसरा, तिसरा तसेच. चौथ्यात डाग होता, आणि तो ओळखायला त्याला दोन सेकंदही लागले नाहीत. हिरव्या बाह्यांचा जुना गाऊन, ओले केस, चौकटीला टेकलेला खांदा. काचेच्या फुगीरपणामुळे डोकं जरा मोठं आणि पाय आखूड झालेले. त्याची बायको. उभी होती आणि त्याच्या पाठीकडे बघत होती. तो पुढे गेला. सातव्यात ती होती. आठव्यात, नवव्यात, बाराव्यात होती. एका फोटोत तिच्या हातात कप होता, एकात दोन कप होते. एकात फोन कानाला होता आणि मोकळा हात त्याच्या दिशेने उचललेला, म्हणजे हाक मारून झाली असावी किंवा मारायची असावी. एकात ती बाहेर जायच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी. एकात तर दारातच जमिनीवर बसलेली होती, गुडघे जवळ घेऊन, एखाद्या सभेला उशिरा आलेल्या माणसासारखी. तीन वर्षांतले रविवार त्या पिवळ्या काचेत ओळीने उभे होते आणि प्रत्येक रविवारी त्याने तिला पुसून काढलं होतं. खिडकीच्या तिरिपेला धक्का न लावता, अगदी सफाईने. तिच्या जागी दाराचा रंग भरला होता. एकदा तर ते काम इतकं बेमालूम झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन त्याने तो फोटो छापून भिंतीला लावला होता, आणि तो अजून समोर लटकत होता.

आता काय बघायचं ते त्याला कळेना. आधी त्याने तारखा बघितल्या. वाटलं, तारखांवरून ती कशासाठी आली होती ते कळेल. दोन कप तर उघडच आहे, चहा. पण त्या दिवशी आपण चहा प्यायलो का? पिशवी खांद्याला लावलेली तारीख कसली? तिची मावशी गेली ती त्याच सुमाराला की आधी? तो स्वतः तिकडे गेला होता की ती एकटीच गेली होती? एक तारीख बघून तो जरा दचकला, कारण त्याच आठवड्यात ती कसल्यातरी तपासणीला गेली होती आणि परत येऊन 'काही नाही निघालं' म्हणाली होती. फोटोतली ती 'काही नाही निघालं'च्या आधीची की नंतरची, हे त्याला ठरवता येईना. त्याने कागद घेऊन तारखा लिहिल्या, समोर कारणं लिहायला गेला, आणि पाच ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून कागद बाजूला सारला. बरं, प्रश्न नुसता तिचा नव्हता. ज्या माणसाला चमच्यातला शर्ट ओळखता येतो त्याला स्वतःची बायको रेनकोट कशी वाटली? एकदा वाटेल. दोनदा वाटेल. एकसष्टातल्या चोपन्न वेळा? का माहीतच होतं, आणि हललो नाही तर ती निघून जाईल हेही माहीत होतं? छे. असं कसं असेल. त्याला मनापासून वाटलं की आपल्याला माहीत नव्हतं, आणि जेवढं जास्त वाटलं तेवढा विश्वास कमी होत गेला. मागच्या खोलीतून चाकाची बारीक घरघर येत होती. थांबत होती, पुन्हा येत होती.

शेवटच्या चार रविवारी, म्हणजे सात आठवड्यांपूर्वीपर्यंत, तिच्या हातात काहीतरी पांढरं होतं. चारही वेळा तेच. दोन्ही हातांच्या ओंजळीत, पोटाशी धरलेलं. त्याने ते मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी नुसते चौकोन उरले. पाकीट असेल. कागद. तपासणीचा कागद? घडी घातलेलं पत्र? परवा ती फोनवर बहिणीला म्हणत होती, 'सोमवारी सांगते नक्की.' काय सांगते? सोमवार म्हणजे उद्या. त्या वाक्याकडे त्याने तेव्हा लक्ष दिलं नव्हतं, ते आता माशीसारखं येऊन बसलं. आणि त्यानंतरचा जावईबापूंचा पहिला फोटो म्हणजे आजचा, कारण मधले सात आठवडे तो सुभेदाराच्याच मागे होता; बर्फातल्या माघारीचे फोटो, मैदा उडवून उडवून. सुभेदाराला काच नाही. त्यामुळे ती या सात आठवड्यांत दारात आली की नाही, याचा पुरावा कुठेच नव्हता. आज आली नाही एवढं खरं.

जेवायला बसल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. हवेबद्दल बोलला, नळाबद्दल बोलला, मालकांच्या नव्या बुटांबद्दलही बोलला. तिने त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"बरं आहे ना तुला?" ती म्हणाली.

"मला काय झालंय? तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे."

"नाही, म्हणजे एकदम बरी?"

"अरे, काय झालंय काय आज?"

त्याने पाणी प्यायलं. भिजत घातलेलं घोंगडं किती दिवस भिजत ठेवायचं, असं मनाशी म्हणाला, आणि जे अजिबात विचारायचं नव्हतं तेच विचारून बसला.

"तू दारात यायचीस ना? माझ्या खोलीच्या. फोटो काढत असलो की."

"यायचे."

"मला माहीत नव्हतं."

ती जेवायची थांबली. रागावलेली दिसली नाही, गोंधळलेली दिसली, आणि त्यामुळे तो आणखीच गोंधळला.

"माहीत नव्हतं कसं? बोलायचास की माझ्याशी."

"मी? काय बोलायचो?"

"'दोन मिनिटं' म्हणायचास. मान न वळवता. कधी कधी नुसतं 'हं'." तिने त्याच्यासारखाच आवाज काढून दाखवला, आणि तो हुबेहूब जमला. "मी म्हटलं, कामात आहे माणूस. उभी राहायचे जरा. तू ती मान वाकडी करून बघायचास ना, टेबलाला हनुवटी लावून, ते बघायला मला आवडायचं. मग पाय दुखले की जायचे."

त्याला एकही 'दोन मिनिटं' आठवेना. स्वतःच्या तोंडून निघालेला शब्द, शेकड्याने निघालेला, आणि एकही नाही.

"काही सांगायला यायचीस का?"

"कधी यायचे. कधी नाही." तिने ताटातला घास इकडचा तिकडे केला. "ताईच्या लॅबचं सांगायला आले होते. तिच्याकडची मुख्य बाई सोडून गेलीय, वर्षभरासाठी ये म्हणतेय. वर्षभर तिकडेच राहायचं, तिच्या गावाला. तुला तीनदा विचारलं, जाऊ का म्हणून. तीनदा 'हं' म्हणालास. चौथ्यांदा काय विचारायचं? उद्या तिला कळवायचंय."

"जाणार आहेस?"

"तू 'हं' म्हणालायस की."

ती हे थट्टेने म्हणाली असती तर त्याला वाट सापडली असती. ती साधेपणाने म्हणाली. वर्षभर म्हणजे बावन्न रविवार, असा एक बिनकामाचा हिशोब त्याच्या डोक्यात झाला, आणि त्यालाच भीती वाटली. नको जाऊस, हे शब्द अगदी ओठाशी होते. पण कोणत्या तोंडाने म्हणायचं? ज्या तोंडाने तीनदा 'हं' म्हटलं त्याच? म्हणून त्याने दुसरंच विचारलं.

"आणि तुझ्या हातात काय असायचं? पांढरं. शेवटी शेवटी."

आता मात्र तिचा चेहरा बदलला. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"तुला दिसलं ते?"

"काचेत. आज दिसलं. कागद होता का? कसला कागद?"

"आज," ती म्हणाली. उठली, ताट उचललं. "सात आठवडे त्या सुभेदाराचे फोटो काढतोयस तू. उभा, आडवा, बर्फात, धुक्यात. नीट बघ त्याच्याकडे. लोकांच्या चमच्यातले शर्ट दिसतात ना तुला? मग बघ." आणि मागच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने चाक सुरू झालं.

तो आपल्या खोलीत आला आणि त्याने जे केलं ते फक्त त्याच्यासारखा माणूसच करेल. त्याने सुभेदाराचे फोटो उघडले. दोनशे तीस फोटो. पहिल्यापासून एकेक, चौपट मोठा करून, कोपरा न कोपरा. टोपी पाहिली, मिशा पाहिल्या, बुटांवरचा मैदा पाहिला. बटणं मोजली. डोळ्यांत कशाचं प्रतिबिंब पडतंय का तेही पाहिलं. सुभेदाराचे डोळे रंगाचे ठिपके, त्यांत काय पडणार. पावाच्या कड्यांमध्ये तिने काही चिठ्ठी खोचली असेल म्हणून कडेही पाहिले. तास गेला. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं. सगळ्या फोटोंत सुभेदार एकाच अंगाने उभा होता, उजव्या. तुटक्या हाताची बाजू नेहमी पलीकडे, वर रुमालाची शाल. ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायची नाही, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याला उचलतानाही तो टोपी चिमटीत धरून उचलायचा, म्हणजे शाल हलायला नको. आई म्हणायची, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईचं आत्ता का आठवलं हे त्याला कळलं नाही, आणि मग त्याने संगणकाकडे पाठ केली.

सुभेदार टेबलाच्या कोपऱ्यात, पिठाने माखलेला, भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने त्याला उचललं. या वेळी टोपीला नाही, कमरेला धरून. शाल बाजूला केली. खाली हात होता. मनगटापासून पुढे, कवळीच्या हिरडीचा असतो तसल्या गुलाबी रंगाचा, सुभेदाराच्या इतर अंगाशी अजिबात न जुळणारा एक नवा हात. चार बोटं, अंगठा, प्रत्येक बोटाला नख. तळव्यावर केसाएवढ्या दोन रेषाही होत्या, ज्या कुठल्याही कॅमेऱ्यात येणार नव्हत्या. जोड कुठे आहे ते त्याच्या नजरेलाही शोधावं लागलं, म्हणजे तिने तुटक्या मनगटाचा साचा घेतला असणार, म्हणजे हा कचेरीत असताना सुभेदार उचलून आपल्या टेबलावर नेला असणार, भिंग लावून बसली असणार, पुन्हा जागेवर आणून ठेवला असणार, आहे तसा, उजव्या अंगाने. मग पांढऱ्या कागदात गुंडाळून तो हात घेऊन चार रविवार दारात उभी राहिली. चार वेळा दोन मिनिटं. आणि पाचव्या वेळी दारात आलीच नाही. सोमवारी का मंगळवारी, हा नसताना, येऊन स्वतःच बसवून गेली. आणि वाट बघायला लागली. सात आठवडे. हाताची बोटं अर्धवट मिटलेली होती, काहीतरी धरता यावं अशी. त्याने त्यात आपल्या करंगळीचं टोक घातलं. बसलं. त्याला एकदम रडू आलं, आणि शेहेचाळीस वर्षांच्या माणसाने खेळण्याच्या हातात करंगळी घालून रडावं याचं त्याला हसूही आलं, आणि दोन्हींतलं खरं कोणतं ते काही समजेना.

तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. तिची पाठ त्याच्याकडे होती. कपाळावर भिंगाचा पट्टा, मान जराशी डावीकडे वाकलेली, टेबलावर कोणाच्यातरी वरच्या जबड्याचे दात ओळीने मांडलेले, चाक फिरत होतं. वाकडी मान करून बघणं हे तीही करते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मानेवर केस गोळा करून वर खोचलेले, त्यात दोन-तीन पांढरे. तिच्या हाताशी पाण्याची स्टीलची वाटी होती. वाटीच्या पोटात खिडकी होती, तिची कोपरं होती, आणि कडेला एक उभा काळपट डाग होता. त्याला शर्ट लगेच ओळखू आला. नको जाऊस म्हणायचं. नाही, ते नंतर. आधी हात बघितला म्हणायचं. का आधी ते 'हं' परत मागायचं? असं काही परत मागता येतं का? सुभेदार त्याच्या मुठीत गरम झाला होता आणि तळव्याला पीठ चिकटलं होतं.

"अगं," तो म्हणाला.

"दोन मिनिटं," ती मान न वळवता म्हणाली.

तो चौकटीला खांदा टेकवून उभा राहिला. चाक थांबलं, तिने एक दात उचलून उजेडात धरला, पुन्हा जागेवर बसवला, चाक पुन्हा सुरू झालं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. त्याचे पाय दुखायला लागले.